मोठ्या ढालीवाले, लहान ढालीवाले

शनिवार, रात्री उशिरा

‘ग्लॅडिएटर’ हा सिनेमा संपला आणि ताईच्या घरात दोन तट पडले. एका बाजूला भाऊजी, दुसऱ्या बाजूला भाची. ताई पसारा आवरायला उठली आणि उठता उठता म्हणाली, “त्या राजाच्या पोराला लहानपणीच दोन ठेवून द्यायला हव्या होत्या.” संध्याकाळभरातलं सगळ्यात नेमकं परीक्षण तेच, पण त्याबद्दल नंतर.

भाऊजींनी हा सिनेमा २००० साली टॉकीजमध्ये पाहिला, तेव्हापासून ते त्याच्या नायकाचे, मॅक्सिमसचे. जर्मेनियाच्या जंगलातली लढाई सुरू झाली की हातातला कप खाली ठेवतात. कणसांवरून फिरणारा तो हात दिसला की बोलणं बंद. बायकापोरं मारली गेलेला सेनापती गुलाम होतो, गुलामाचा ग्लॅडिएटर (लोकांसमोर मैदानात झुंजणारा) होतो आणि भर मैदानात सम्राटासमोर शिरस्त्राण काढून आपलं नाव सांगतो. याच्यापुढे माणसाला आणखी काय पाहिजे, असा त्यांचा सवाल.

भाची इतिहासात एम.ए. करतेय. तिला आणखी पुष्कळ काही पाहिजे. पहिल्याच लढाईत तिने रिकिबी पकडल्या. रोमन घोडेस्वारांना रिकीब माहीतच नव्हती आणि इथे सगळे आरामात पाय अडकवून बसलेत! मग अंगठ्यावर आली. अंगठा खाली म्हणजे ठार मारा, हे कुठल्याही रोमन ग्रंथात इतकं सरळ लिहिलेलं नाही. मग कॉमोडस, म्हणजे सिनेमातलं ते राजाचं पोर.

“बाबा, तो एकट्याने बारा वर्षं राज्य करत होता. यांनी त्याला दोन-चार महिन्यांत गुंडाळला.”

“बारा वर्षं दाखवली असती तर तूच झोपली असतीस.”

हे भांडण काही आमच्याच दिवाणखान्यात जन्मलेलं नाही. या चित्रपटाला बारा ऑस्कर नामांकनं आणि पाच पुरस्कार मिळाले, त्यांत सर्वोत्कृष्ट चित्रपट आणि मॅक्सिमस झालेल्या रसेल क्रोचा अभिनय हे दोन मोठे. आणि रॉजर एबर्टसारख्या नावाजलेल्या अमेरिकी समीक्षकाने त्याच चित्रपटाला चारपैकी दोन तारे देऊन वाटेला लावलं होतं. त्याला सगळं कळकट आणि उदास वाटलं. रोम शहरापुरतं मला एबर्टचं पटतं. संगणकावर बनवलेलं ते करडं रोम आज तर आणखीच निर्जीव दिसतं. पण जिथे खऱ्या जागा आहेत तिथे डोळा ठरतो. जर्मेनिया म्हणून दाखवलेलं जंगल इंग्लंडमधल्या सरे परगण्यातलं आहे, गुलामांचा बाजार मोरोक्कोतला, आणि कलोसियमचा (रोममधल्या झुंजींच्या भव्य मैदानाचा) खालचा एक तुकडा माल्टात प्रत्यक्ष उभारून वरचे मजले संगणकाने चढवले. माल्टातच ऑलिव्हर रीड, म्हणजे ग्लॅडिएटरांचा मालक प्रॉक्सिमो झालेला नट, गेला, चित्रीकरण चालू असताना, मे १९९९ मध्ये. त्याचे उरलेले प्रसंग दुसऱ्या माणसाच्या अंगावर त्याचा चेहरा बसवून पुरे केले. प्रॉक्सिमो शेवटी शेवटी इतका अंधारात का उभा असतो, हे त्यावरून कळतं.

अंगठ्याचं मात्र भाचीला सांगायचं राहिलं. झां-लेऑं जेरोम नावाच्या फ्रेंच चित्रकाराने १८७२ मध्ये एक चित्र काढलं: पडलेल्या प्रतिस्पर्ध्यावर पाय देऊन उभा ग्लॅडिएटर आणि समोर अंगठे खाली करून बसलेले प्रेक्षक. पटकथा देण्याआधी निर्मात्यांनी दिग्दर्शक रिडली स्कॉटला हेच चित्र दाखवलं आणि तिथेच तो गळाला लागला. म्हणजे या सिनेमाचं मूळ पॅरिसच्या एका कलावंताच्या डोक्यात आहे. रोमपर्यंत जायचं कारणच नव्हतं. अशा सिनेमात रिकिबी मोजत बसणं मला तरी जमणार नाही.

रविवार, दुपार

जेवणं झाल्यावर सगळे आडवे झाले आणि मी कपाटातून मार्कस ऑरेलियस काढला. ‘ग्लॅडिएटर’मधला म्हातारा सम्राट तो हाच. डॅन्यूब नदीच्या आघाडीवर, लढाईच्या धामधुमीत, हा माणूस स्वतःसाठी ग्रीकमध्ये टिपणं लिहीत होता. रोजनिशी लिहिणाऱ्यांनी त्याला आपला पूर्वज मानायला हरकत नाही, फक्त आज भाजी काय केली ते तो लिहीत नाही.

पहिल्या भागात, कुणाकडून आपण काय शिकलो याची यादी आहे. त्यात लहानपणी सांभाळणाऱ्या शिक्षकाबद्दल लिहिलंय (नाव दिलेलं नाही), की त्याच्याकडून मी शिकलो ते हे: रथांच्या शर्यतीत हिरव्यांचा व्हायचं नाही, निळ्यांचाही नाही, आणि ग्लॅडिएटरांच्या झुंजीत लहान ढालीवाल्यांचा व्हायचं नाही, मोठ्या ढालीवाल्यांचाही नाही.

वाचून हसूच आलं. कालच्या भांडणाला अठराशे वर्षं झाली की!

रोमन प्रेक्षक खरोखरच ढालींवरून विभागलेले होते. थ्रेशियन पद्धतीने लढणाऱ्याकडे छोटी ढाल आणि वाकडी तलवार असे, मुर्मिलोकडे मोठी उभी ढाल. या दोघांची जोडी लावत आणि प्रेक्षक आपापल्या ढालीसाठी घसा फोडत. सम्राटही यातून सुटलेले नव्हते. डोमिशियन मोठ्या ढालीवाला. एकदा बाकावरून कुणी गृहस्थ बोलून गेला की थ्रेशियन मुर्मिलोला भारी पडेल, पण खेळ भरवणाऱ्याला पुरा पडणार नाही. अर्थ उघड होता, निकाल सम्राट आधीच ठरवून बसलाय. डोमिशियनने त्याला जागेवरून ओढून मैदानात कुत्र्यांपुढे टाकलं आणि गळ्यात पाटी अडकवली: लहान ढालीवाला, भलतंसलतं बोलला. सुएटोनियस या रोमन चरित्रकाराने हे लिहून ठेवलंय. सिनेमाबद्दल मत दिल्याने आपल्याकडे फार तर नातेवाईक दुखावतात.

आणि इ.स. ५९ मध्ये इटलीतल्या पॉम्पेई गावाला तर कहरच झाला. शेजारच्या नुकेरिया गावचे लोक खेळ पाहायला आले होते. आधी टोमणे, मग दगड, मग हत्यारं. पुष्कळ माणसं मेली. नीरोच्या काळातली ही गोष्ट. रोमच्या सिनेटने (उमरावांच्या सभेने) पॉम्पेईत दहा वर्षं असे खेळ भरवायला बंदी घातली. पॉम्पेईच्याच एका घरात भिंतीवर या दंगलीचं चित्र सापडलं, ते आता नेपल्सच्या संग्रहालयात आहे. मैदानात कोण लढत होतं याचा त्या चित्रात पत्ता नाही, प्रेक्षकच एकमेकांना धरून हाणतायत.

चहाच्या वेळी हे सगळं मी वाचून दाखवलं. ताई म्हणाली, “कोल्हापुरात बसून रोमची एवढी कसली काळजी?” त्यावर भाचीने टाउन हॉलच्या संग्रहालयातल्या पोसायडनचं, ग्रीकांच्या समुद्रदेवाचं, नाव घेतलं. ब्रह्मपुरीच्या उत्खननात निघालेली ती छोटीशी ब्राँझची मूर्ती. रोमन व्यापाराबरोबर ती इथवर आली आणि पंचगंगेच्या काठी पुरली गेली. ताईने ती शाळेच्या सहलीत पाहिली होती, पण तो ‘कुणीतरी आपलाच देव’ अशा समजुतीने.

रविवार, रात्र

रिकिबी आणि अंगठा मी भाचीला देऊन टाकले. माझी तक्रार म्हाताऱ्याबद्दल आहे.

सिनेमात मार्कस ऑरेलियस ठरवतो की मुलगा नालायक आहे, सत्ता मॅक्सिमसच्या हाती द्यायची आणि त्याने ती सिनेटला परत करायची. मुलाला ते कळतं आणि तो बापाचा जीव घेतो. तंबूतला तो प्रसंग फार चांगला आहे हे मान्य. मुलाचे दोष हे बापाचं अपयश, असं म्हातारा स्वतः बोलतो, तिथे ताईने मान डोलावली होती. पण पुढच्याच क्षणी त्याला मारून टाकल्यामुळे तो त्या अपयशातून सुटतो. आपण बाहेर पडतो ते ‘बाप देवमाणूस, पोरगं राक्षस’ एवढंच घेऊन.

घडलं ते असं. मार्कसने इ.स. १७७ मध्ये स्वतःच कॉमोडसला सहसम्राट केलं. पोरगं तेव्हा जेमतेम पंधरा-सोळाचं. त्याआधी सम्राट नेर्वाने ट्राजन दत्तक घेतला, ट्राजनकडून गादी हेड्रियनकडे गेली तीही दत्तक म्हणूनच सांगितली गेली, हेड्रियनने अँटोनायनस पायस, अँटोनायनसने मार्कस. चांगला माणूस बघून दत्तक घ्यायचा, ही रीत पाऊणशे वर्षांहून जास्त चालली, आणि तत्त्वज्ञ म्हणून ज्याचं नाव झालं त्यानेच ती मोडली.

आता हेही खरं, की आधीच्या चौघांना गादीवर बसवायला मुलगाच नव्हता. मार्कसला तेरा-चौदा मुलं झाली, बहुतेक लहानपणीच गेली, मुलग्यांत जगला तो कॉमोडस एकटा. जिवंत मुलाला डावलून दुसऱ्याला गादी द्यायची म्हणजे उद्याची यादवी आजच मांडायची, किंवा मुलाला आधी संपवायचं. रात्री उठून ‘रागावू नकोस, मरण जवळ आहे, दुसऱ्यांचे दोष पोटात घाल’ असं स्वतःला बजावणाऱ्या माणसापुढे हा पेच होता. गादी लायक माणसाला की पोटच्या पोराला, हे आपल्याकडच्या राजघराण्यांनाच काय, दुकानवाल्यांनाही नवीन नाही. हा एवढा मोठा प्रसंग हातात असताना सिनेमाने तो सोडला. सिनेटला सत्ता परत करण्याची कल्पना तर निव्वळ आजची. पहिला सम्राट ऑगस्टस, त्याला जाऊन तेव्हा दीडशेहून जास्त वर्षं उलटली होती; एक माणूस राज्य करणार हे सिनेटर मंडळींनीच कधीचं गिळलं होतं.

(डियो नावाचा इतिहासकार मात्र लिहितो की मार्कस आजाराने मेला नाही, कॉमोडसची मर्जी राखायला वैद्यांनीच त्याला मारलं. आधुनिक अभ्यासक हे फारसं मानत नाहीत, साथीच्या रोगाने गेला म्हणतात. तरी भाऊजींना डियोबद्दल काही सांगणार नाहीये. ते उद्या दिवसभर ऐकवतील.)

डियो स्वतः सिनेटर होता आणि कॉमोडसचे खेळ त्याने पुढच्या रांगेत बसून पाहिले. सम्राट मैदानात उतरायचा हे सिनेमातलं अजिबात खोटं नाही, उलट कमीच दाखवलंय. तो स्वतःला हर्क्युलस म्हणवायचा, सिंहाचं कातडं घ्यायचा, रोमला त्याने आपलं नाव दिलं, महिन्यांनाही दिलं. एकदा त्याने शहामृगाचं मुंडकं उडवलं, ते डाव्या हातात धरलं, उजव्या हातात रक्ताळलेली तलवार, आणि सिनेटरांसमोर येऊन काही न बोलता नुसती मान हलवत हसत राहिला. तुमचंही असंच करीन. डियो म्हणतो, आम्हाला हसूच येत होतं, आणि हसलो असतो तर तिथेच मेलो असतो. म्हणून त्याने डोक्यावरच्या माळेतली लॉरेलची पानं तोंडात टाकून चावायला सुरुवात केली, शेजारच्यांनाही चावायला लावली. तोंड हलत राहिलं की हसू दिसत नाही.

वाकीन फिनिक्सने कॉमोडस अप्रतिम केलाय, प्रेमाला हपापलेला, ओठ थरथरणारा. पण त्याला कुणी हसत नाही. पानं चावणाऱ्या सिनेटरांची एक रांग दाखवली असती तर मी रोमच्या संगणकी इमारतीसुद्धा माफ केल्या असत्या.

बुधवार

दुसरा भाग, २०२४ चा, काल भाऊजींच्याच आग्रहाने पाहिला आणि तट पार उलटेसुलटे झाले.

भाचीला आवडला! पाण्याने भरलेल्या कलोसियममध्ये शार्क पाहून ती किंचाळेल असं वाटलं होतं. टायटसने उद्घाटनाला, इ.स. ८० मध्ये, पाणी भरून नौकायुद्ध केलं म्हणतात. पुढे मैदानाखाली तळघरं बांधली गेली, त्यानंतर ते शक्य नव्हतं. शार्क तर कधीच नाहीत. पण ती म्हणाली की हा सिनेमा खरं असल्याचा आवच आणत नाही, त्यामुळे राग येत नाही, आणि डेन्झेल वॉशिंग्टनचा मॅक्रायनस एकटा पैसे वसूल करतो. तेवढं मलाही पटलं.

भाऊजी मात्र भडकलेले. या भागाचा नायक ल्युशियस हा मॅक्सिमसचा मुलगा निघतो, हे त्यांना सहनच झालं नाही. “अहो, मेल्यावर बायकोमुलाला भेटायला निघालेला माणूस तो! त्याला बाहेर दुसरा मुलगा? इतिहास असा बदलता येतो का?” मॅक्सिमस हा कधी होऊनच गेला नाही, हे सांगायची कुणाची छाती झाली नाही. भाचीने तोंडात बडीशेप टाकली.

मला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. सिनेमातले दोन सम्राट, कॅराकॅला आणि गेटा, हे इतिहासातलेही खरे भाऊ. इ.स. २११ च्या अखेरीस कॅराकॅलाने गेटाला मारवलं, आणि ते कुठे, तर आईच्या कुशीत. समेट करू म्हणून दोघांना तिच्या दालनात बोलावलं होतं. मारेकरी शिरले, गेटा आईला बिलगला, वार अडवताना तिच्या हाताला जखम झाली, आणि पुढे तिला मुलासाठी रडायचीही मुभा नव्हती. ज्युलिया डोम्ना हे तिचं नाव. सिनेमात ती नाहीच. तिच्या जागी एक माकड आहे, त्याला कॅराकॅला मोठ्या पदावर बसवतो.

“मग तू काय दाखवलं असतंस, मावशी?” भाचीने विचारलं.

मी म्हटलं, पहिल्याच्या शेवटापासून सरळ पुढे गेले असते. ३१ डिसेंबर १९२ च्या रात्री कॉमोडसला नार्सिसस नावाच्या पैलवानाने गळा दाबून मारलं. त्याच्यानंतर आलेला पर्टिनॅक्स शिस्त लावायला गेला, म्हणून तीन महिने व्हायच्या आत स्वतःच्याच रक्षकांनी त्याला मारलं. आणि मग त्या रक्षकांनी साम्राज्य लिलावात काढलं. छावणीच्या आत एक गिऱ्हाईक, तटाबाहेर दुसरं, मधे निरोप्यांची धावपळ, दर शिपायामागे अमुक इतके सेस्टर्स (रोमन नाणी). वीस हजारांवर बोली अडकली होती. बाहेरच्या डिडियस ज्युलियानसने एकदम पाच हजार चढवले, मोठ्याने ओरडून आणि बोटांनी दाखवून, आणि पंचवीस हजारांना रोम त्याचं झालं. ६६ दिवस टिकला. याच काळावरच्या १९६४ च्या एका मोठ्या चित्रपटात शेवटी हा लिलाव आहे, पण तो सिनेमा इतका आपटला की निर्मात्याचं दिवाळं निघालं.

भाऊजींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“चांगलंय,” म्हणाले. “पण यात हिरो कोण?”