अर्ध्या टाकीखालची एअर

मागच्या नोंदीत मी लिहिलं होतं की माझ्या शिडाच्या बोटीच्या डिझेल इंजिनाला जोडलेल्या प्रायमरी (टाकीनंतरच्या पहिल्या) फिल्टरच्या झाकणाची ओ-रिंग, म्हणजे रबरी सील, बदलली आणि एअरचा, म्हणजे डिझेलच्या लाईनमध्ये हवा शिरण्याचा, प्रश्न सुटला. तो सुटला नव्हता. ओ-रिंगनंतर १९ तास इंजिन घड्याळासारखं चाललं आणि विसाव्या तासाला, नेमकं बंदराच्या तोंडाशी, पुन्हा तेच. आधी रेस दोन-तीनदा वरखाली झाली, मग आवाज हळूहळू बसत गेला आणि इंजिन थांबलं. वारा मागून होता, जिब (पुढचं शीड) लगेच उघडता आली, म्हणून धक्क्याच्या दगडांपासून लांब राहिलो. त्या रात्री झोप लागली नाही. आता मात्र कारण सापडलंय आणि ते माझ्यासमोर टेबलावर पडलंय.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी दोन ओळी. इंजिन यानमार २जीएम२०, दोन सिलिंडर, ६३६ सीसी, थेट समुद्राच्या पाण्यावर थंड होणारं. डिझेलची टाकी ६० लिटरची, कॉकपिटखाली. टाकीतून नळी वर येते, मग कॉक, प्रायमरी फिल्टर, इंजिनवरचा लिफ्ट पंप (टाकीतून डिझेल ओढणारा), दुसरा फिल्टर, इंजेक्शन पंप (डिझेल जोरात दाबणारा) आणि इंजेक्टर (ते सिलिंडरमध्ये फवारणारा). तक्रार अशी की इंजिन सुरू होतं, वीस-पंचवीस मिनिटं छान चालतं आणि मग एअर धरून बंद पडतं. एअर काढली की परत वीस-पंचवीस मिनिटं.

त्या वीस मिनिटांनी मला फार दिवस चकवलं. गळती असेल तर लगेच बंद पडायला हवं, असं वाटायचं. पण लिफ्ट पंपाच्या अलीकडची सगळी लाईन ओढीवर असते. तिथे भोक पडलं तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. बिल्ज (बोटीचा आतला तळ) कोरडी, क्लिपा कोरड्या, बोट फिरवली तर कुठे ओलसर लागत नाही. आत गेलेले बारीक बुडबुडे फिल्टरच्या माथ्याशी साठत राहतात. पुरेसे साठले की एकदम पुढे सरकतात आणि इंजेक्शन पंपात शिरतात. या इंजिनाच्या इंजेक्टरचा नोझल साधारण १७० बारला उघडतो. पंपात हवा असेल तर त्यातला प्लंजर (दट्ट्या) ती हवाच दाबत बसतो, दाब तिथवर पोचत नाही आणि नोझल उघडतच नाही. म्हणजे वीस मिनिटं हा बुडबुडे साठायला लागणारा वेळ होता.

आतापर्यंत एवढं बदलून झालं होतं: बँजो बोल्टांचे (नळ्या जोडणाऱ्या पोकळ बोल्टांचे) तांब्याचे वायसर, लिफ्ट पंपाचा डायफ्राम, मग ओ-रिंग. लिफ्ट पंपाच्या तोंडाला जेरीकॅन जोडून दोन तास चालवून पाहिलं, एकदाही अडखळलं नाही. त्यावरून इंजिनाकडची बाजू निर्दोष ठरली आणि संशय फिल्टरवर गेला. तिथवर तर्क बरोबर होता. पुढे मी थांबलो, कारण ओ-रिंग खरोखरच कडक झालेली निघाली. एक दोष सापडला की तोच दोष असणार असं मन धरून बसतं.

आता शोध कसा लागला ते. बोटीचं लॉगबुक धाकटी बहीण लिहिते. निघण्याआधी टाकीत मोजपट्टी घालून डिझेलची उंची सेंटिमीटरमध्ये टिपायची तिची शिस्त आहे. मी कधी त्या आकड्यांकडे पाहत नसे, किती तास पुरेल एवढंच विचारायचो. रविवारी ती वही मांडीवर घेऊन बसली आणि म्हणाली, "दादा, बंद पडल्याच्या चारही दिवसांचे आकडे बघ. अकरा, आठ, दहा, बारा. तेराच्या वर असताना एकदाही बंद पडलेलं नाही."

टाकीची आतली उंची २४ सेंटिमीटर. म्हणजे टाकी साधारण अर्ध्यावर आली की त्रास सुरू. आणि मी दर दुरुस्तीनंतर काय करत होतो? चाचणीला निघण्याआधी टाकी काठोकाठ भरत होतो. वायसर बदलले, टाकी भरली, चाललं. डायफ्राम बदलला, टाकी भरली, चाललं. ओ-रिंग बदलली, टाकी भरली, १९ तास चाललं. माझ्या इंजिनाचा खप तासाला सुमारे १.६ लिटर आहे. १९ तासांत तीस लिटर, म्हणजे बरोबर अर्धी टाकी.

बाकी तिन्ही आकडे अकरा किंवा त्याखालचे, मग एकच दिवस बारा कसा, हे कोडंही वहीतच सुटलं. त्या दिवशी स्टारबोर्ड टॅकवर, म्हणजे वारा उजवीकडून घेत, शीड आणि इंजिन दोन्ही लावून चाललो होतो, बोट डावीकडे झुकलेली. टाकीतली नळी उजव्या भिंतीजवळ आहे. डिझेल डावीकडे सरकलं की नळीपाशी पातळी खाली जाते. सकाळी पहिला सेल्फ जरा लांब मारावा लागायचा तेही याच गटातलं. नळीला वर कुठे भोक असेल तर रात्रभरात नळीतलं डिझेल टाकीच्या पातळीपर्यंत खाली उतरणार.

मग टाकीच्या डोक्यावरचा फिटिंगचा नट सोडवला. कॉकपिटच्या लॉकरमध्ये उलटं झोपून, एक हात खांद्यापर्यंत आत, आणि पाना एका वेळी जेमतेम एक अष्टमांश फेरा फिरणार. दीड तास लागला. नळी बाहेर आली ती ८ मिलिमीटरची तांब्याची, टाकीत उभी सोडलेली. खालून अकरा सेंटिमीटरवर एक चपटा चकचकीत पट्टा होता. बाकी नळी काळपट तपकिरी आणि तेवढीच जागा घासून नवी केल्यासारखी. टाकीत डिझेल हिंदकळू नये म्हणून जो उभा पत्रा असतो, त्याच्या कडेला नळी टेकत होती आणि इंजिनाच्या प्रत्येक थरथरीला घासली जात होती. चकचकीत पट्ट्याच्या मधोमध नखाच्या चंद्रकोरीएवढी चीर. कोरड्या नळीत ती दिसतही नव्हती, ओरखडा वाटत होता. खालचं तोंड बोटाने बंद केलं, नळी बादलीत बुडवली आणि वरून सायकलच्या पंपाने हवा दिली. चिरेतून मोत्यांच्या सरीसारखे बुडबुडे निघाले. बहीण नुसती हसली. मी ती बादली पाच मिनिटं तरी बघत बसलो असेन.

टाकी भरलेली असताना ही चीर डिझेलखाली असते, त्यामुळे तिच्यातून डिझेलच आत येतं आणि काही बिघडत नाही. पातळी खाली गेली की चीर उघडी पडते आणि पंप हवा ओढू लागतो. तीन महिन्यांचं सगळं या एका वाक्यात बसतं.

नवी नळी ३१६ स्टेनलेसची केली. डिझेलला तांबं मानवत नाही. तांब्याच्या संपर्कात डिझेल लवकर खराब होतं, चिकट गाळ धरतं. नळी पत्र्यापासून दोन बोटं लांब राहील असा वाक दिला. जुन्या नळीच्या तळाशी बारीक जाळी होती, ती नव्या नळीला मुद्दाम बसवली नाही. टाकीच्या आत, हात न पोचणाऱ्या जागी चाळणी ठेवण्यात मला काही अर्थ दिसत नाही. ती तुंबली तर समजणार कसं? गाळ प्रायमरी फिल्टरमध्ये येऊ दे, तो तिथे दिसतो आणि काढता येतो. आटे सील करायला टेफ्लॉन टेप वापरली नाही. टेपचा एखादा धागा सुटला तर सरळ पुढे जातो. डिझेलला चालणारं द्रव सीलंट लावलं, दुसऱ्या आट्यापासून पुढे.

प्रायमरीत रेकॉर कंपनीचं निळं एलिमेंट (आतली गाळणी), म्हणजे १० मायक्रॉनचं, तेच कायम ठेवतोय. पुढे तपकिरी २ मायक्रॉनचं घालावं असा सल्ला अनेकांनी दिला, पण ओढीच्या बाजूला एवढं बारीक लावलं की पंपाला उगाच जास्त ओढावं लागतं. बारीक गाळण्याचं काम इंजिनावरच्या फिल्टरला करू द्यावं. वायसरांबद्दलही एक सांगतो. मिश्र मापांचा डबा ऑनलाइन मागवला होता, त्यातले अर्धे एका जाडीचे नव्हते. ते बाजूला ठेवले आणि जुनेच गॅसच्या ज्योतीवर लाल करून पाण्यात टाकले. तांबं पुन्हा मऊ झालं, बारीक पॉलिश पेपरवर दोन्ही बाजू सपाट केल्या, आणि बसवल्यावर एकही पाझरला नाही.

एअर काढताना दोन गोष्टी आता हाताला सवयीच्या झाल्यात, त्या लिहून ठेवतो. लिफ्ट पंपाची दांडी दाबली आणि नुसती लुळी लागली तर पंप खराब समजू नका. कॅमचा उंचवटा नेमका पंपाच्या दट्ट्याखाली थांबलेला असतो. डिकंप्रेशन लिव्हर (सिलिंडरमधला दाब सोडणारी) उचलून क्रँक पान्याने एक पूर्ण फेरा फिरवा, कॅम अर्धा फिरतो आणि दांडीला जीव येतो. फिरवायचं इंजिन फिरतं त्याच दिशेला, उलटं फिरवलं तर पाण्याच्या पंपातल्या इंपेलरची (रबरी चाकाची) पाती उलटी वाकतात. दुसरं, पुन्हा पुन्हा सेल्फ मारायची वेळ आली की समुद्राच्या पाण्याचा कॉक आधी बंद करा. इंजिन पेटत नसताना पाण्याचा पंप मात्र फिरत असतो, एक्झॉस्टचा मफलर पाण्याने भरत जातो आणि ते पाणी मागे सिलिंडरमध्ये येऊ शकतं. मी कॉकवर लाल दोरी बांधतो आणि तिचं दुसरं टोक चावीला. इंजिन पेटलं की लगेच कॉक उघडायचा, मग बाकी सगळं. आणि इंजेक्टरच्या नटाशी बोटं नेऊ नका. तिथली डिझेलची धार कातडीतून आत जाते.

आता पुढचं. नळी बसवताना डोक्यात होतं की कॉकपिटच्या कडेला पाच लिटरची डे-टँक (इंजिनापेक्षा उंचावरची छोटी टाकी) बसवावी, म्हणजे इंजिनाला डिझेल वरून उतारानेच मिळेल आणि कुठे भोक पडलं तरी हवा आत जाण्याऐवजी डिझेल बाहेर गळेल. त्यासाठी पुठ्ठ्याचा साचाही कापला होता. पण हे लिहिताना लक्षात येतंय की त्यात आणखी दोन कॉक, आणखी एक व्हेंट (हवेची नळी) आणि सहा जोड वाढतील. प्रत्येक जोड उद्याच्या गळतीची जागा. त्यापेक्षा टाकीच्या शेजारीच छोटा इलेक्ट्रिक पंप बसवला तर टाकीतली नळी सोडून बाकी सगळी लाईन दाबाखाली येईल, आणि एअर काढायला दांडी दाबत बसावं लागणार नाही. डे-टँक रद्द. साचा बहिणीने चार्ट (समुद्राचे नकाशे) ठेवायला घेतलाय.

त्याआधी प्रायमरीच्या डोक्यावर व्हॅक्युम गेज (ओढ मोजणारं मीटर) लावतोय. एलिमेंट तुंबलं तर काटा चढलेला दिसेल. हवेची गळती मात्र त्यावर दिसणार नाही, उलट काटा खालीच राहील. म्हणून चाचणीसाठी फिल्टरनंतर वीतभर पारदर्शक नळी घातली होती. ती फक्त चाचणीपुरती, हे पुन्हा सांगतो. असली नळी डिझेलने कडक होते आणि आगीत टिकत नाही. काम झालं की आयएसओ ७८४० (आगीत टिकणाऱ्या इंधन-नळीचं मानक) छापलेली नळी परत लावायची.

या धावपळीत एक छोटं सुख. शाफ्टचं कपलिंग (इंजिन आणि पंख्याचा दांडा जोडणारी चकती) सरळ आहे का ते बोट पाण्यात असताना पुन्हा मोजलं. चारही बाजूंना फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घालून, इंजिनाच्या मागच्या उजव्या माउंटचा (पायाचा) नट पाव-पाव फेरा फिरवत. सगळ्यात जास्त फट आणि सगळ्यात कमी फट यांत आता ०.०८ मिलिमीटरचा फरक उरलाय. आधी तो ०.२५ होता. न्यूट्रलमधून गिअर टाकल्यावर केबिनच्या फळीवरचा कप वाजायचा, तो आता वाजत नाही.

काल मुद्दाम टाकी भरली नाही. मोजपट्टीवर सात सेंटिमीटर असताना निघालो. पहिला तास सरळ, मग स्टारबोर्ड टॅकवर बोट चांगली झुकवून इंजिन २४०० आरपीएमवर. बहीण सुकाणूवर, मी जिन्याच्या पायऱ्या काढून टॉर्च घेऊन त्या वीतभर नळीसमोर. वीस मिनिटं झाली. पंचवीस झाली. तिने वरून विचारलं, "आहे का काही?" नळीतून पिवळसर, एकसंध डिझेल वाहत होतं, एक बुडबुडासुद्धा नव्हता. तीन तास दहा मिनिटं चालवलं आणि बंद केलं ते चावीने आम्ही. आज सकाळी पहिल्याच सेल्फला, दोन सेकंदांत, पेटलं.

वहीत तिने लिहिलंय: "७ सेमी, बंद पडलं नाही."

मिक्सिंग एल्बोचे (एक्झॉस्टमध्ये पाणी मिसळणाऱ्या वाकड्या जोडाचे) नट आज रात्री गंज सोडवणाऱ्या तेलात भिजवून ठेवलेत. एक्झॉस्टमधून येणारं पाणी मागच्या वर्षीपेक्षा कमी वाटतंय, आत काजळी धरली असणार. नट निघाले तर पुढची नोंद त्याचीच.