आमची वाटचाल : वडशाची डार्करूम आणि ग्रेडचा कागद

कागदोपत्री आमचं गाव देसाईगंज, बोलण्यात वडसा. झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या माणसाला वडसा म्हटलं की नाटक आठवतं. दिवाळी झाली की गावोगावचे लोक नाटक मंडळ्यांच्या कार्यालयांत तारखा ठरवायला येतात, आणि मग होळीपर्यंत मंडई म्हणजे गावची जत्रा, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती आणि रात्रभर चालणारे प्रयोग. बाबांनी इथे स्टुडिओ काढला तो १९७० च्या दशकात. नटनट्यांचे फोटो, लग्नं, शाळेचे ग्रुप, तिरडीवरचा शेवटचा फोटो, सगळं या एका दारातून गेलं. आज आमचा निम्मा धंदा इतर स्टुडिओंसारखाच आहे : पासपोर्ट, लॅमिनेशन, लग्नाचे अल्बम. उरलेला निम्मा म्हणजे जुन्या काळ्या-पांढऱ्या निगेटिव्हवरून डार्करूममध्ये हाताने काढलेले मोठे प्रिंट. मला लिहायचंय ते या दुसऱ्या निम्म्याबद्दल, आणि त्यातही कागदाबद्दल, कारण आमचा नफा-तोटा शेवटी कागदावर ठरतो.

बाबांच्या वेळी प्रश्नच नव्हता. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ कागद नागपूरहून यायचा. पाकिटावर सॉफ्ट, नॉर्मल, हार्ड असं लिहिलेलं असायचं, आणि निगेटिव्ह बघून पाकीट उघडायचं. सॉफ्ट कागद काळ्या-पांढऱ्यातला फरक, म्हणजे कॉन्ट्रास्ट, कमी करतो; हार्ड तो वाढवतो. आई शेजारच्या खोलीत पेन्सिलने रिटचिंग करायची. मग कलर लॅब आल्या. उटीचा कारखाना १९९० च्या दशकात आजारी उद्योगांत गेला, २००५ मध्ये कोडॅकनेही काळ्या-पांढऱ्या कागदाचं उत्पादन थांबवलं. आमची डार्करूम तोवर अल्बमची खोकी ठेवायची खोली झाली होती. एन्लार्जर, म्हणजे निगेटिव्ह मोठा करून कागदावर पाडायचं यंत्र, मात्र बाबांनी विकला नाही. भंगारवाला दोनदा येऊन परत गेला.

ती खोली पुन्हा उघडली ती एका म्हाताऱ्या नटामुळे. त्यांच्याकडे स्वतःचा राजाच्या वेशातला निगेटिव्ह होता, बाबांनीच काढलेला. आधी एका लॅबमधून त्यांनी तो स्कॅन करून प्रिंट काढून आणला होता. तो प्रिंट माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, “बाई, मुकुट दिसून राहिला, पर तोंडाले चुना फासल्यावानी झालं जी. माह्या बापाच्या पायाखालची जमीन विकून मी नाटक केलं, मले माहं तोंड पाह्यजे.” आई आत बसून ऐकत होती. तिने तेवढ्यात एन्लार्जरवरची चादर काढायला सुरुवात केली होती.

त्यांचा निगेटिव्ह हा झाडीपट्टीच्या फोटोंचा नमुनाच आहे. रात्रीचा प्रयोग, मागे काळोख, कॅमेऱ्यावरच बसवलेला फ्लॅश आणि तोंडाला पांढरी पावडर. निगेटिव्हमध्ये चेहरा दाट काळा, बाकी सगळं पारदर्शक. अशा निगेटिव्हला सॉफ्ट कागद लागतो. उलट, स्टुडिओत सपाट उजेडात काढलेले जुने पोस्टकार्ड साइजचे पोर्ट्रेट पातळ असतात, आणि नॉर्मल कागदावर ते राखाडी चिखल होतात. त्यांना हार्ड हवा. ज्यांना या कामाची ओळख नाही त्यांच्यासाठी हिशोब सांगते. निगेटिव्हच्या सर्वांत फिकट आणि सर्वांत दाट भागांतून येणाऱ्या प्रकाशात किती पट फरक आहे, त्यावर कागद ठरतो. २ नंबरचा कागद साधारण अकरा पट फरक काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत बसवतो, ३ नंबरचा साधारण आठ पट. नंबर वाढला की कागद हार्ड.

आता जगभर लोक बहुतेक मल्टीग्रेड वापरतात. इलफोर्डने तो १९४० मध्येच आणला होता. त्याच्या लेपात निळ्या आणि हिरव्या उजेडाला वेगवेगळा प्रतिसाद देणारे घटक असतात. पिवळा फिल्टर लावला की सॉफ्ट, मॅजेंटा लावला की हार्ड. एकाच पाकिटात सगळे नंबर. आम्हीही सुरुवात त्यानेच केली आणि कागद उत्तम आहे, यात वाद नाही. पण वडशात संध्याकाळी कृषिपंप आणि कूलर सुरू झाले की व्होल्टेज उतरतं. साध्या बल्बचं व्होल्टेज दहा टक्के कमी झालं की उजेड सुमारे तीस टक्के कमी होतो. तेवढं तर वेळ वाढवून भरून काढता येतं. अडचण दुसरीच : उतरलेल्या व्होल्टेजवर बल्ब पिवळा पडतो, आणि पिवळा उजेड मल्टीग्रेडला सॉफ्ट करतो. म्हणजे त्याच फिल्टरने, त्याच निगेटिव्हवरून, दुपारचा आणि रात्रीचा प्रिंट जुळेना. घरातल्या पाच भावंडांना आजोबांचा एकेक फोटो द्यायचा असेल आणि त्यातला एक वेगळा दिसला, तर कोणाला तो द्यायचा यावरून भांडण होतं, आणि ते आमच्या दुकानात होतं.

स्टॅबिलायझर घेतला, फरक पडला. पण त्याच सुमारास मी मुंबईच्या फोर्टमधल्या दुकानातून ग्रेडचा कागद मागवून बघायचं ठरवलं. आईचं म्हणणं पहिल्यापासून तेच होतं. ग्रेडच्या कागदाचा कॉन्ट्रास्ट कारखान्यातच ठरलेला असतो. बल्ब पिवळा झाला तरी फक्त वेळ बदलतो, कागदाचा स्वभाव नाही. दुसरा फायदा सेफलाइटचा, म्हणजे कागद खराब न करणाऱ्या डार्करूममधल्या दिव्याचा. ग्रेडचा कागद मुख्यतः निळ्या उजेडाला जागा होतो, त्यामुळे बाबांच्या वेळचा केशरी दिवा चालतो आणि ट्रेमध्ये प्रिंट वर येताना नीट दिसतो. तरीही नवं पाकीट आलं की कागदाच्या तुकड्यावर एक रुपयाचं नाणं ठेवून सेफलाइटखाली काही मिनिटं पडू द्यायचा आणि मग डेव्हलप करायचा. नाण्याचा गोल उमटला तर दिवा दूर करायचा.

निवड फार नाही हे खरं. इलफोर्डचा गॅलरी २ आणि ३ नंबरात मिळतो, आणि १९२१ पासून चालू असलेला चेक प्रजासत्ताकातला फोमा ग्रेडचे कागद करतो. आमचं बहुतेक काम २ आणि ३ वरच चालतं. पूर्वीसारखे १ आणि ४ मात्र आपणच तयार करावे लागतात, आणि खरं काम तिथेच आहे.

सॉफ्ट करण्यासाठी दोन डेव्हलपर, म्हणजे कागदावर चित्र उमटवणारी द्रावणं, लागतात. एक केवळ मेटॉलचा : एका लिटरला मेटॉल १२.३ ग्रॅम, सोडियम सल्फाइट ३६, सोडियम कार्बोनेट ३६, पोटॅशियम ब्रोमाइड १.८. हा अॅन्स्को १२० नावाचा जुना फॉर्म्युला. दुसरा नेहमीचा डी-७२, ज्यात मेटॉलबरोबर हायड्रोक्विनोन हे चित्र उमटवणारं दुसरं रसायन असतं. प्रिंट आधी पहिल्यात ठेवायचा, चेहरा हवा तेवढा आला की काळे भाग खोल करण्यासाठी थोडा वेळ डी-७२ मध्ये. दोन्ही ट्रेंमधला वेळ कमीजास्त केला की २ नंबरच्या खालचे मधले टप्पे मिळतात. त्याशिवाय एन्लार्जरच्या कंडेन्सरवर, म्हणजे बल्बचा उजेड निगेटिव्हवर एकवटणाऱ्या भिंगांवर, दुधी काच बसवली आहे. कंडेन्सरच्या सरळ उजेडात चांदीचा निगेटिव्ह जास्त हार्ड छापतो आणि निगेटिव्हवरचा प्रत्येक ओरखडा दाखवतो; पसरलेल्या उजेडात दोन्ही मऊ होतात. वेळ जास्त लागतो, तो लागू द्यावा. पातळ निगेटिव्हसाठी दुधी काच काढायची, ३ नंबर घ्यायचा आणि डी-७२ कमी पाणी घालून वापरायचा. निगेटिव्हलाच सेलेनियम देऊन त्याचा कॉन्ट्रास्ट वाढवता येतो, पण ग्राहकाच्या निगेटिव्हला आम्ही रसायन लावत नाही. घरातला तो एकमेव असतो.

राजाचा फोटो अशा दोन ट्रेंमधून २ नंबरवर निघाला. गालावरची पावडर पावडरीसारखी दिसली आणि तिच्याखाली तोंड. त्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, आणि म्हणाले, “हाव, हा मीच हाव.” मग मुकुटाचे मणी नीट दिसत नाहीत म्हणून घासाघीस करून पन्नास रुपये कमी दिले.

हवेचं गणित वेगळं. ही सगळी रसायनं २० अंशांसाठी लिहिलेली आहेत. पलीकडे वैनगंगा ओलांडली की ब्रह्मपुरी, जिथलं मे महिन्यातलं तापमान बातम्यांत येतं. टाकीच्या पाण्यात तेव्हा कागदावरचं जिलेटिन मऊ होऊन बोट लागलं तरी निघतं. म्हणून डेव्हलपरचा ट्रे बर्फाच्या पाण्याच्या मोठ्या ट्रेमध्ये ठेवतो, हायपोत, म्हणजे चित्र पक्कं (फिक्स) करणाऱ्या द्रावणात, फटकडी घालतो, आणि तरीही मे महिन्यात मोठे प्रिंट घेत नाही. थंडीचा त्रास लोकांच्या लक्षात येत नाही. हायड्रोक्विनोन साधारण १२-१३ अंशांखाली जवळजवळ झोपतं. मग काम एकट्या मेटॉलवर चालतं आणि ३ नंबरचा कागद २ सारखा वागतो. नाटकांचा हंगाम नेमका थंडीचा, कामाची गर्दी तेव्हाच. पौषातल्या रात्री डेव्हलपर कोमट पाण्यात ठेवल्याशिवाय आम्ही पाकीट उघडत नाही.

फायबरच्या, म्हणजे प्लॅस्टिकचा थर नसलेल्या कागदाला तासभर धुणं लागतं आणि उन्हाळ्यात इथे तेवढं पाणी वाहू देणं शोभत नाही. फिक्स झाल्यावर सोडियम सल्फाइटच्या सौम्य द्रावणात प्रिंट फिरवला की हायपो लवकर सुटतो. नंतर ट्रे भरायचा, रिकामा करायचा, पुन्हा भरायचा. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग पडू नयेत म्हणून शेवटचं पाणी आरओचं. सुकल्यावर फायबरचा प्रिंट थोडा गडद होतो, तो हिशोब टेस्ट स्ट्रिप, म्हणजे वेळ ठरवायला आधी काढलेली कागदाची पट्टी, बघतानाच धरायचा.

स्ट्रिपचा खर्च आम्ही असा वाचवतो : कागद १२×१६ चा येतो, आणि इथल्या फ्रेमवाल्याकडे चौकटी १२×१५ च्या. एक इंच आधीच कापायचा, तो स्ट्रिपला जातो.

२०२३ मध्ये झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हापासून मंडळ्यांच्या जुन्या पेट्या उघडू लागल्या आहेत. आमच्याकडे कामाची रांग आहे, पण कागद आयात होतो आणि भाव प्रत्येक खेपेला वेगळा असतो. म्हणून दर वर्षभरासाठी बांधून देत नाही. निगेटिव्ह उजेडावर धरून, कोणत्या नंबरचा कागद लागेल ते बघूनच सांगते. हंगामात प्रिंट हवा असेल त्यांनी निगेटिव्ह दिवाळीच्या आधी आणावा. प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, घाम धरतो. वर्तमानपत्रात नकोच, शाई लागते. वहीच्या कोऱ्या पानात ठेवून स्वतः घेऊन यावं. रविवारी दुकान बंद, सोमवारी दुपारनंतर आई असते, आणि घासाघीस तिच्याशी चालत नाही.