मिम्युलस: चार तासांचा बल्ब आणि पहिली कळी

आज सकाळी परसात गेलो तर ट्रे नंबर दोनमध्ये पहिलं फूल उघडलेलं! पिवळं धम्मक, खालच्या पाकळीवर घशापर्यंत तांबडे ठिपके. नोव्हेंबरात पेरलेल्या मिम्युलस गट्टाटसचं फोंड्यातल्या आमच्या घरचं पहिलं फूल. (२०१२ पासून याला एरिथ्रँथी म्हणतात, पण माझ्या जिभेवर जुनंच नाव बसलंय.)

मागच्या वेळी लिहिलं होतं, रोपं माजलीत पण कळीचा पत्ता नाही. रनर (आडव्या पसरणाऱ्या फांद्या) ट्रेच्या काठावरून खाली लोंबत होते, प्रत्येक पेराला मुळं सुटत होती, आणि शेंड्याला बघावं तर नुसती पानं. आधी नत्र जास्त झालं असं वाटलं, म्हणून शेणखत बंद करून चुलीतली राख दिली. काही फरक नाही. मग ऊन कमी पडतंय म्हणून माडाखालून उचलून गच्चीवर ठेवली, तर दोन दिवसांत पानांच्या कडा करपल्या. तिसरा संशय थंडीचा, काही झाडांना फुलायला आधी गारवा लागतो. फ्रिजचा खालचा कप्पा रिकामासुद्धा करून घेतला होता.

डिसेंबरात एकदा दिवेलागणीला पाणी घालत होतो. सव्वासहालाच काळोख पडायला लागला, आणि तेव्हा डोक्यात आलं. हे झाड उत्तर अमेरिकेच्या पश्चिमेकडचं, अलास्कापासून मेक्सिकोपर्यंत ओढ्याकाठी वाढणारं. उत्तर कॅलिफोर्नियात उन्हाळ्याचा दिवस १५ तासांचा, आपल्याकडे डिसेंबरात जेमतेम सव्वाअकरा. मोठा दिवस मिळाल्याशिवाय ते फुलायचंच नाही, खत काहीही घाला.

२ जानेवारीला ट्रे दोनवर ९ वॉटचा साधा एलईडी बल्ब टांगला, टायमर लावून संध्याकाळी ६ ते १०. ट्रे तीन भिंतीपलीकडे, बल्बाशिवाय. माती तीच, विहिरीचं पाणी तेच. ३० जानेवारीला दोनमध्ये पहिली कळी दिसली, आता अकरा आहेत. तीनमध्ये आजही एक नाही. महागडे जांभळे ग्रो-लाइट घेऊ नका, कळी आणायला साधा बल्ब पुरतो. कोकोपीटची वीट मात्र तीनदा धुऊनच वापरा. माझी पहिली पेरणी त्यातल्या खारटपणानेच गेली. आणि बी धुळीसारखं असतं, वर माती लोटू नका, त्याला उजेड लागतो.

फूल उघडल्यावर सगळ्यात आधी काडीच्या टोकाने स्टिग्मा, म्हणजे परागकण झेलणारं फुलातलं टोक, हलकेच शिवला. त्याची दोन ओठांसारखी पाळी बघता बघता मिटली! परागकण नव्हते, त्यामुळे ती पुन्हा उघडणार. मी तिथेच स्टुलावर बसून राहिलो, आईने चहाला दोनदा हाक मारली.

पानंही चाखली. किंचित खारट, मागाहून कडवट. कॅलिफोर्नियातले मूळ रहिवासी कोवळी पानं खायचे, ठेचून जखमेवर बांधायचेही. आम्ही चार पानं काकडीच्या कोशिंबिरीत घातली, आईला आवडली. पण पाण्याची खात्री असेल तरच खा. तिकडे कॉपरोपोलिसला तांब्याच्या खाणीच्या मातीतही या जातीची झाडं तग धरून आहेत, म्हणजे हिरवीगार दिसली म्हणून माती चांगली असेलच असं नाही. डिचोलीकडे खाणपट्ट्यातल्या ओढ्याकाठी लावायचा माझा बेत होता, तो खाण्यापुरता तरी रद्द.

पुढे ट्रे तीनलाही तसाच चार तासांचा बल्ब द्यायचा ठरवलं होतं. पण लिहिता लिहिता दुसरंच सुचतंय. संध्याकाळच्या उजेडाने पाखरं फार जमतात. त्याऐवजी मध्यरात्री तासभरच दिवा लावून रात्र मधोमध तोडली तर? मोठ्या दिवसाच्या झाडांना तेवढंही पुरू शकतं. म्हणजे ट्रे तीनला रात्री १२ ते १, आजपासूनच. फ्रिजचा कप्पा आईला परत दिला.

उद्या दुसरं फूल उघडेल. पहिल्याचे परागकण ब्रशने त्यावर नेणार आहे. पाळी मिटून तशीच राहिली तर बी धरायची आशा. धरलंच, तर पावसाआधी ज्यांना हवं त्यांना चिमूट-चिमूट पाठवतो.