सिडनीच्या पुढे

गुरुवार, रात्री उशिरा

आज दुपारपासून एक ओळ डोक्यातून जात नाहीये. मुंबई, दिल्ली, मग 'सिडनी : थांबा 7 तास 20 मिनिटे', मग फिजीतलं नांदी.

स्वस्त तिकीट आधी दिसावं म्हणून ह्यांनी काहीतरी दाबलं, तर सगळ्यात वर हेच आलं. ह्यांचं बोट त्या ओळीपाशी जरा रेंगाळलं आणि खाली सरकलं. बोलले काही नाहीत. मी समोर गवार मोडत होते, मोडतच राहिले. पण सात तास वीस मिनिटं! सिडनीच्या विमानतळापासून निनादचं, आमच्या मुलाचं, घर गाडीने पाऊण तासावर. म्हणजे मुलगा-सुनेच्या गावात उतरायचं, काचेतून गाव बघायचं, कागदी पेल्यातला चहा प्यायचा आणि त्यांनाच भेटायला पुन्हा विमानात बसून पुढे फिजीला जायचं.

संध्याकाळी निनादला सांगितलं तर म्हणाला, "आई, ते नको. त्याला ट्रान्झिट व्हिसा लागतो. सिंगापूरमार्गे या. तिथे बाहेर पडला नाहीत तर काही लागत नाही."

बरोबरच आहे त्याचं. आपल्या पासपोर्टावर ऑस्ट्रेलियात नुसतं विमान बदलायचं तरी व्हिसा लागतो. उलट फिजीला आपल्याला आधी व्हिसा काढावा लागत नाही. परतीचं तिकीट, राहायची सोय, खर्चापुरते पैसे दाखवले की चार महिन्यांपर्यंत राहा म्हणतात. त्याचा मुद्दा चोख होता. लहानपणापासून तो मुद्दे चोखच मांडतो. पण मी नंतर वाचलं, तो ट्रान्झिट व्हिसा फुकट असतो आणि त्यावर 72 तास राहता येतं. तीन दिवस. तीन दिवसांत काय होत नाही? ह्यांना सांगितलं नाही. त्याला तर नाहीच.

मला फिजीला जायचं नाही असं अजिबात नाही. कोण नाही म्हणेल? निनादने फोटो पाठवलेत ते बघून शेजारच्या काकू दोन मिनिटं गप्प बसल्या, त्या कधी गप्प बसत नाहीत. प्रश्न फिजीचा नाहीच. "तुम्ही तिकडून या, आम्ही इकडून येतो, मध्ये भेटू," असं तो म्हणाला होता ना, ते मी तेव्हा ऐकून घेतलं आणि आनंदाने हो म्हटलं. आता फोनवर अंतरं मोजत बसलेय. मुंबई ते सिडनी साधारण दहा हजार किलोमीटर. मुंबई ते नांदी बारा हजारांच्या वर. सिडनी ते नांदी तीन हजारांच्या जरा पुढे, चार तासांत पोचतात. आपल्याला सांगलीहून मुंबईच आठ तास. पुढे सिंगापूरपर्यंत साडेपाच, मग तिथून दहा, मधले थांबे वेगळे, ह्यांच्या पायाची सूज वेगळी. मध्ये कसलं! त्यांच्या घराच्या अंतरावर आणखी दोन हजार किलोमीटर चढवून आपण मध्यावर भेटणार.

तो भूगोलात कच्चा नव्हता.

घरी या, असं कुणी म्हणालं नाही, एवढंच ते आहे. नवं घर लहान आहे म्हणे. असेल. तिकडची घरभाडी आम्हाला काय माहीत. मागच्या वेळी तिकडे ते सिंकमध्ये तेल ओतण्यावरून झालं, पण त्याला आता किती काळ लोटला, आणि तेव्हा मी काही बोललेही नव्हते. जाऊ दे. रेवाने, सुनेने, आज गोड निरोप पाठवला, "आई, तुम्हाला खरा आराम मिळेल तिथे. आमच्याकडे आलात की तुम्ही बसतच नाही." ह्यात काळजी किती आणि सूचना किती, हे मी तीनदा वाचूनही ठरवू शकले नाही.

ह्यांचं मात्र वेगळंच चाललंय. पॅसिफिक महासागराशी ह्यांना काही देणंघेणं नाही, ह्यांना लौटोका बघायचंय. तिथे 1903 पासून चालू असलेला साखर कारखाना आहे, विमानतळापासून गाडीने अर्ध्या तासावर. आयुष्य कारखान्याच्या प्रयोगशाळेत गेलं, तरी माणसाला मळीचा वास पुरत नाही. जेवताना मला सगळं सांगून झालं: ऑस्ट्रेलियन कंपनीने उभारला, 1973 मध्ये तिकडच्या सरकारने कारखाने ताब्यात घेतले, ऊस अजूनही दोन फुटी रुळांवरच्या छोट्या आगगाडीतून येतो, आणि गाळप जूनच्या सुमाराला सुरू होऊन वर्ष संपत येईपर्यंत चालतं. "म्हणजे बघ, आपल्याकडे ओव्हरहॉलिंग चालू असताना तिकडे कारखाना फुल चालू!" ह्यांचे डोळे असे चमकले की मला निनादचा दहावीचा निकाल आठवला. मग म्हणाले, "तिकडे हंगाम सुरू करायला गव्हाणीत उसाची मोळी टाकायला कोण येत असेल गं?" मी म्हटलं, येत असेल कुणी अध्यक्ष, चेअरमन सगळीकडे सारखेच. ह्यावर मनापासून हसले. त्यांना बोचत कसं नाही? की बोचतंय आणि उसामागे लपलेत? त्या ओळीवर बोट थांबलं होतं, ते मी पाहिलंय.

जेवणानंतर मीही वाचत बसले. हा ऊस लावायला-तोडायला इंग्रजांनी आपल्याच माणसांना नेलं होतं. पहिलं जहाज, लिओनिडास, कलकत्त्याहून निघून 14 मे 1879 ला फिजीत लागलं. पुढे जहाजं मद्रासहूनही सुटायला लागली. 1916 पर्यंत साठ हजारांच्या वर माणसं गेली. पाच वर्षांचा करार, त्यालाच ते गिरमिट म्हणत. पाच वर्षांनी परत यायचं तर स्वतःच्या खर्चाने, आणखी पाच काढली तर जहाजाचं भाडं सरकारचं. म्हणजे फुकट परत यायचं तर दहा वर्षं. बहुतेक जण आलेच नाहीत. आता त्यांचीच नातवंडं-पतवंडं तिकडे टॅक्स्या चालवतात, दुकानं मांडतात, दिवाळीला सगळ्या देशाला सुट्टी असते, आणि नांदीत मोठं थोरलं दाक्षिणात्य गोपुराचं देऊळ आहे.

त्यांच्या आयांना कुणी "सिंगापूरमार्गे या" असं म्हटलं नाही. कुणी काहीच म्हटलं नाही. मुलगा कुठल्या बेटावर गेला हेसुद्धा किती जणींना कळलं असेल कुणास ठाऊक. त्यांच्या शेजारी माझे सात तास वीस मिनिटं ठेवले की हसू येतं. पण असल्या हिशेबाने दुखणं जातं थोडंच? दुसऱ्याचा पाय तुटला म्हणून आपल्या पायातलं कुरूप ठणकायचं थांबत नाही.

कुरूपच म्हणायचं ह्याला.

निनादने ठरवलेलं ठिकाण मामानुदा बेटांमधलं आहे. नांदीजवळच्या देनाराऊ बंदरातून बोट सुटते. त्याने जागेचा नकाशाही पाठवलाय. दोन 'बुरे' घेतलेत. बुरे म्हणजे गवती छपराची झोपडी, पण आत एसी, आणि न्हाणीघर आमच्या हॉलएवढं. एक त्यांचा, एक आमचा, मध्ये नारळाची दोन झाडं. नकाशावर त्याने लाल पेनाने गोल करून 'आई-बाबा' लिहिलंय. मी तो नकाशा मोठा करून करून बघितला. झाडांमधून पायवाट आहे. त्यांच्या ओट्यावरून आमचा ओटा दिसत असणार. दारं मात्र दोन बाजूंना तोंड करून आहेत. हे असं मी बघते, हाच माझा त्रास. ह्यांनी तोच नकाशा बघितला आणि विचारलं, "नारळ डोक्यात पडत नाहीत ना?"

जुलै ठरतोय. नातवाला, ईशानला, तेव्हा सुट्टी, तिकडे कोरडा मोसम, ना चक्रीवादळाची भीती ना घाम. सगळ्यांना सोयीचं. आमच्याकडे तेव्हा कृष्णेचं पाणी चढायला लागतं, ते कुणाच्या यादीत नाही. आयर्विन पुलाशी 40 फुटांवर इशारा आणि 45 ला धोका, हे निनादलाही पाठ आहे. 2019 च्या महापुरात तो तिकडून रात्र रात्र फोन करून आकडे विचारायचा. आता घर बंद करून जायचं तर खालच्या कपाटातलं सगळं माळ्यावर. ते कोण करणार? बघू, शेजारच्या काकूंच्या मुलाला सांगू.

खायचं काय न्यायचं हा पुढचा घोळ. बाहेरून येणाऱ्या बिया, फळं, दूधदुभतं ह्याबाबत तिकडचा कायदा कडक आहे, जे असेल ते विमानतळावर फॉर्ममध्ये लिहून द्यावं लागतं. मेतकूट कशात मोडतं? बी नाही, फळ नाही, दूध नाही. मी ह्यांना विचारलं तर म्हणाले, "लिही, अ‍ॅश." पण वाचता वाचता एक छान कळलं. त्यांच्याकडे पालुसामी म्हणून पदार्थ आहे, अळूच्या पानांत नारळाचं घट्ट दूध घालून शिजवतात. अळू! म्हणजे बारा हजार किलोमीटरवर जाऊन आपण फदफद्याच्या भावाला भेटणार. चिंच-गूळ घालत नाहीत बिचारे. शिवाय रोटीत भाजी गुंडाळून विकतात रस्त्यावर, ती आपल्याच लोकांनी नेलेली. उपाशी मरणार नाही. तो लिंबाच्या रसात मुरवलेला कच्चा मासा मात्र निनाद-रेवाने खावा, मी लांबून बघेन.

आणि ते तिकडच्या गावात जायचे नियम. पाहुण्याने गावात शिरताना डोक्यावर टोपी नको, गॉगल वर चढवून ठेवायचा नाही, खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, आणि गावच्या मुख्याला कावाच्या, म्हणजे ज्याचं ते पेय करतात त्या झाडाच्या, मुळ्यांची जुडी द्यायची, मगच बसायचं. हे मी मोठ्याने वाचून दाखवलं. कोणी कोणाच्या घरी जावं तर कसं जावं, ह्याची रीत ठरलेली असते ते किती बरं. जुडी ठेवली की विषय मिटला. आमच्यात अशी जुडी असती तर मी दोन नेल्या असत्या.

हे लिहिता लिहिता मला सिडनीचं ते स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आलं. डबे कुठे ठेवायचे, कुठला कपडा कशाला, तेल सिंकमध्ये ओतायचं नाही, मोहरी तडतडली की छतावरचं ते यंत्र ओरडतं. मी पोळ्या लाटायचे आणि रेवा मागे उभी राहून काही न बोलता ओटा पुसायची. मी पोळपाट उचलला की तिने ओटा पुसायचा, तिने पुसला की मी परत पीठ सांडायचं. दोघीही हसतमुख! आणि इकडे ती आली की ह्याच्या उलट: ती पाटा-वरवंट्याकडे घाबरून बघते, मी तिला हातात काही देत नाही, ती उगीच दारात उभी. दोन्हीकडे एकजण पाहुणी आणि एकजण पहारेकरीण.

त्या बेटावर स्वयंपाकघर कुणाचंच नाही. सकाळी कुणीतरी फळं कापून ठेवणार, ताटं कुणीतरी उचलणार. रेवाला पुसायला ओटा नाही, मला सांडायला पीठ नाही. मग आम्ही दोघी करणार काय? समोरासमोर बसून बोलावंच लागेल! ह्या विचाराने मला एकदम हसू आलं, आणि जरा धडधडलंही. तिच्याशी मी स्वयंपाकाशिवाय कशावर बोलले आहे, आठवत बसले. काही फारसं आठवलं नाही. ती कॉलेजात बास्केटबॉल खेळायची, एवढं माहीत आहे.

कदाचित तिनेच हे सुचवलं असेल. निनादला असलं सुचत नाही, तो मुद्दे मांडतो फक्त. आणि तिने सुचवलं असेल तर ते मला लांब ठेवायला की नीट भेटायला, हे दोन्ही एकाच वेळी असू शकतं, नाही का? मी पण काही कमी... असो.

तरी तीन दिवस देता आले असते. फुकट व्हिसा होता.

झोप येत नव्हतीच, मग आत्ता निनादला लिहून टाकलं: सिंगापूरमार्गे येतो. पण बाबांना एक दिवस लौटोकाला न्यायचं, कारखान्यात आत सोडत नसतील तर बाहेरून ती आगगाडी तरी दाखवायची. आणि मला कुणीही पाण्यात ओढायचं नाही. तिकडे पहाट झालीच असेल, कारण लगेच उत्तर आलं, रेवाच्या फोनवरून. पोहायच्या पोशाखाचा फोटो, पूर्ण बाह्यांचा, पोटऱ्यांपर्यंत. खाली लिहिलंय, "आई, रंग कुठला? ईशानने तुमचा पाण्यात घालायचा मास्क आधीच घेऊन ठेवलाय." मी 'मरून' रंग म्हटलं. म्हणाली, त्यात नाही, काळा किंवा पोपटी. पोपटी! ह्या वयात मी पोपटी घालून पॅसिफिकमध्ये.

काळा लिहिलं. मग पुसून "तू ठरव" लिहिलं.

पासपोर्टाची मुदत पोचल्यापासून सहा महिने पुढची हवी असते. माझा ठीक आहे. ह्यांचा कुठल्या पिशवीत आहे देव जाणे, बहुतेक कारखान्याच्या जुन्या पासबुकांबरोबर. उद्या नळाचं पाणी भरून झालं की ते कपाट काढायचं. नाहीतरी जुलैच्या आधी ते माळ्यावर न्यायचंच आहे.