त्रुटी सापडली, पण सांगायची कुणाला?

सुरक्षा संशोधनात सॉफ्टवेअरमधली त्रुटी शोधणं अवघड असतं असा लोकांचा समज आहे. मला त्याहून कितीतरी जास्त वेळ ती ऐकून घेणारा माणूस शोधायला लागला, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

माझा अभ्यास मोबाइल अ‍ॅपमधल्या खासगी माहितीचा होता. एका अ‍ॅपमध्ये सर्व्हरकडे जाणाऱ्या विनंतीतला खातेक्रमांक बदलला की दुसऱ्याच खात्याचा पत्ता आणि फोन नंबर समोर यायचा. लॉगिन झालंय का, एवढंच सर्व्हर बघायचा. मागितलेली माहिती त्याच माणसाची आहे का, हे बघतच नव्हता. पडताळणी मी माझ्याच दोन खात्यांवर केली. तुम्हीही तसंच करा, तिसऱ्या कुणाच्या माहितीला हात लावू नका. पुढे निबंध लिहिला, परिषदेत व्याख्यानही मंजूर झालं.

गाडी अडली ती कंपनीच्या दाराशी. त्रुटी कुठे कळवायची हे सांगणारी ‘सिक्युरिटी डॉट टीएक्सटी’ नावाची छोटी फाइल संकेतस्थळावर ठेवावी, असं सुचवणारा आरएफसी ९११६ हा इंटरनेटविषयीचा तांत्रिक दस्तऐवज २०२२ पासून आहे. इथे ती नव्हती. ग्राहकसेवेला लिहिलं, तर ‘अ‍ॅप अपडेट करून पाहा’ असं उत्तर आलं आणि तक्रार बंद. पुन्हा लिहिलं, पुन्हा बंद. मग एकदम विधी विभागाचं पत्र: तपासणीची परवानगी कुणी दिली, आणि व्याख्यान रद्द करा. त्रुटीबद्दल एक ओळही नाही! तिकडे लोकांचे पत्ते उघडेच होते, आणि मला चीड आली ती त्याची.

शेवटी संशोधक आणि कंपनी यांच्यात समन्वय करणाऱ्या संस्थेकडे गेले. कार्नेगी मेलन विद्यापीठातलं सर्ट समन्वय केंद्र साधारणपणे ४५ दिवसांनी त्रुटी जाहीर करतं, गूगलचा प्रोजेक्ट झीरो हा त्रुटी शोधणारा गट दुरुस्तीसाठी ९० दिवस देतो. अशी ठरलेली मुदत मध्यस्थाने कळवली आणि कंपनीला अचानक अभियंता सापडला. दुरुस्ती झाली, मी ती तपासली, व्याख्यान ठरल्या दिवशी झालं.

म्हणून जाहीर करण्याची तारीख पहिल्याच मेलमध्ये लिहा. विद्यापीठाच्या विधी सल्लागाराला त्याआधी भेटा, नंतर नाही. आणि त्या मेलमध्ये त्रुटी शोधल्याच्या बक्षिसाचा विषय काढू नका. मुदतीशेजारी पैसे आले की ती खंडणी वाटते.