रेशमाचं फायब्रॉइन, सीडीचा स्लॉट आणि पाण्याचं कॉन्सन्ट्रेशन : माझा अनुभव

फायब्रॉइनचं, म्हणजे रेशमाच्या धाग्यातल्या मुख्य प्रथिनाचं, द्रावण तयार झालं की घड्याळ सुरू होतं. ते दह्यासारखं विरजण्याआधी सीडीच्या (सर्क्युलर डायक्रोइझम : प्रकाशावरून प्रथिनाची घडण सांगणारं यंत्र) क्युव्हेटमध्ये, म्हणजे सॅम्पलच्या काचेच्या डबीत, गेलं पाहिजे. हे यंत्रावरच्या वेळेचा स्लॉट देणाऱ्यांच्या गावीही नसतं. माझा सगळा वैताग तिथलाच, म्हणून आधीचं भराभर सांगतो.

रेशीम येवल्यातून आणलं, तर पैठणीसाठी रंगवलेला ताणा-बाणा घेऊ नका. रंग अतिनील भागात शोषतो आणि आलेख वाया जातो. कच्चा, न रंगवलेला धागा मागा. ५ ग्रॅम धागा, २ लिटर डिस्टिल्ड पाणी, ४.२४ ग्रॅम निर्जल सोडियम कार्बोनेट, बरोबर ३० मिनिटं उकळी. मग २०-२० मिनिटं तीनदा धुवायचं. सुकल्यावर वजन पाव हिश्श्याहून किंचित जास्त घटलं पाहिजे. कमी घटलं तर सेरिसिन, म्हणजे धाग्यावरचा डिंक, उरलंय. तासभर उकळलं तर प्रथिनाच्या साखळ्याच तुटतात. मग ९.३ मोलार लिथियम ब्रोमाइड, दर ग्रॅमला ४ मिली, ६० अंशांवर ४ तास. हे मीठ पाण्यात टाकताना भांडं चांगलंच तापतं, तेव्हा बर्फात ठेवून थोडं थोडं टाका. मग मीठ काढायला डायलिसिस : ३,५०० डाल्टनच्या पिशवीत (मीठ बाहेर जातं, प्रथिन आत राहतं) ४८ तास, सहा वेळा पाणी बदलायचं. सेंट्रिफ्यूज करून साधारण ७ टक्क्यांचं द्रावण हाती येतं.

एवढं जहाल मीठ का, ते कळलं की पुढचा घोळही कळतो. अल्फा हेलिक्समध्ये, म्हणजे मळसूत्री वळणात, साखळी स्वतःशीच बांधलेली असते : एका अमिनो आम्लाचा सीओ (कार्बन-ऑक्सिजन) पुढच्या चौथ्याच्या एनएचला (नायट्रोजन-हायड्रोजन) धरतो, एका वेढ्यात ३.६ अमिनो आम्लं, वेढ्याची उंची ५.४ अँगस्ट्रॉम. बीटा शीटमध्ये, म्हणजे सपाट पत्र्यासारख्या घडणीत, हेच हायड्रोजन बंध शेजारच्या साखळीशी होतात. रेशमाच्या जड साखळीत ग्लायसिन-अ‍ॅलानिन-ग्लायसिन-अ‍ॅलानिन-ग्लायसिन-सेरिन हा क्रम पुन्हा पुन्हा येतो. शीटमध्ये एकाआड एक अमिनो आम्ल वर आणि खाली तोंड करतं, त्यामुळे एका बाजूला सगळी ग्लायसिनं, दुसऱ्या बाजूला अ‍ॅलानिन आणि सेरिन. ग्लायसिनच्या बाजू एकमेकींवर ३.५ अँगस्ट्रॉमवर बसतात, अ‍ॅलानिनच्या ५.७ वर. इतकी घट्ट थप्पी लागते की ८ मोलार युरियात सेरिसिन निघून जातं, पण फायब्रॉइन हलत नाही. ग्लायसिन इतकं लवचीक की त्याला हेलिक्समध्ये अडकवून ठेवणंच महागात पडतं.

डायलिसिसनंतर साखळ्या पाण्यात सुट्ट्या असतात. त्यांचे सीओ आणि एनएच पाण्याशी बंध करून बसलेले असतात, म्हणून नुसत्या हायड्रोजन बंधांनी शीटचा फारसा फायदा होत नाही. पण दोन साखळ्या नीट जुळल्या, मधलं पाणी बाहेर पडलं, की परतीची वाट नाही. उष्णता, हलवाहलव, कॅल्शियम, पीएच ४ च्या आसपास जाणं, यातलं काहीही हे लवकर घडवून आणतं. डायलिसिसला नळाचं पाणी चालत नाही ते यासाठीच.

आता फॉर्म. आमच्याकडे सीडीचं यंत्र नाही, म्हणून पुण्याच्या एका केंद्रात नंबर लावला. पहिल्यांदा फॉर्म परत आला, कारण दुसऱ्या पानावर विभागप्रमुखांचा शिक्का नव्हता (सही होती!). दुसऱ्यांदा परत आला तो बफरच्या (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाच्या) रकान्यासाठी. फोन केला.

“बफर रिकामा सोडलाय तुम्ही.”

“मॅडम, बफर नाहीये. नुसतं पाणी आहे.”

“मग पाणी लिहा. आणि शेजारी कॉन्सन्ट्रेशन.”

“पाण्याचं?”

“रकाना रिकामा असला की सिस्टीम पुढे जात नाही.”

‘पाणी, ५५.५ मोलार’ असं लिहून पाठवलं. ताबडतोब मंजूर झालं. आकडा बरोबर आहे, एवढंच समाधान.

यात सोळा दिवस गेले. फ्रिजमध्ये ४ अंशांवर द्रावण तेवढं टिकतं, टिकलंही. पण स्लॉट मिळाला मे महिन्यात. नाशिकच्या ठक्कर बाजारहून निघालेल्या बसमध्ये सहा तास, नारायणगावपर्यंत बर्फाचं पाणी झालेलं, वर धक्के. नळी उघडली तर आत पांढरट थलथलीत गोळा. ऑपरेटर म्हणाले, “सॅम्पल खराब झालंय.” खराब कसलं? रेशमाला जिथे जायचं होतं तिथे ते पोचलं होतं. फक्त क्युव्हेटमध्ये जाणार नव्हतं.

चूक माझी : घट्ट द्रावण घेऊन प्रवास केला. सीडीला लागतं ०.१ ते ०.२ मिलिग्रॅम प्रति मिली. आदल्या संध्याकाळी पातळ करून न्या. आधी ७ मिलीमध्ये १०० मायक्रोलिटर, मग त्याचं दहापट. पातळ द्रावणात साखळ्यांची गाठ उशिरा पडते. व्हॉर्टेक्स (नळी गरगर हलवणारं यंत्र) अजिबात नको, नळी हळू उलटीपालटी करा. बर्फाऐवजी जेल पॅक घ्या, तेही चार.

दुसऱ्या खेपेस काम झालं. १ मिमीचा क्वार्ट्झ क्युव्हेट, २६० ते १९० नॅनोमीटर, मिनिटाला ५० नॅनोमीटर, तीन स्कॅनची सरासरी, त्याच क्युव्हेटमध्ये पाण्याची बेसलाइन. दिवा लावण्याआधी २० मिनिटं नायट्रोजन सोडतात, नाहीतर आत ओझोन होतो. ताज्या द्रावणात १९६ च्या आसपास खोल दरी दिसते, म्हणजे साखळ्या अस्ताव्यस्त. शीट झाली की दरी २१८ कडे सरकते आणि १९६ पाशी डोंगर उभा राहतो. हेलिक्स असता तर २०८ आणि २२२ अशा दोन दऱ्या दिसल्या असत्या.

अरे हो, सिल्व्हर नायट्रेट राहिलंच. डायलिसिसच्या शेवटच्या पाण्यात दोन थेंब टाका. फिकट पिवळी गढूळी आली तर ब्रोमाइड शिल्लक आहे. ते २०० नॅनोमीटरच्या खाली इतकं शोषतं की डिटेक्टरचा व्होल्टेज ७०० च्या वर जातो. त्यापुढच्या रेषेत कितीही सुंदर वळणं दिसली तरी ती नुसती खरखर असते.

सॉफ्टवेअर सरासरी अमिनो आम्लाचं वजन ११० धरतं. रेशमात ग्लायसिनच जास्त, म्हणून साधारण ७५ घाला. नाहीतर सीडीचा आकडा जवळजवळ दीडपट येतो. टक्केवारी काढून देणारे प्रोग्रॅम गोलाकार प्रथिनांवर बेतलेले असतात, त्यांच्या दशांशांवर भांडू नका.

विरजलेला गोळा फेकू नका. गोठवून सुकवा आणि एफटीआयआरला (इन्फ्रारेड प्रकाशाच्या यंत्राला) द्या. अमाइड-१ चा (प्रथिनाच्या सीओचा) पट्टा १६४५ वरून १६२२ प्रति सेंटिमीटरच्या आसपास उतरलेला दिसतो, त्याला बस-स्लॉट काही लागत नाही. पावसाळ्यात मात्र सॅम्पल डेसिकेटरमधून थेट यंत्रावर न्या. ओलाव्याचा पट्टा नेमका १६४० जवळच येतो.

आणि क्युव्हेट लगेच धुवा. आत फायब्रॉइन वाळलं तर पाण्याने निघत नाही. उरलेलं लिथियम ब्रोमाइडचं द्रावण कोमट करून तासभर भरून ठेवलं की निघतं. फुटलेल्या क्युव्हेटचे पैसे फॉर्मच्या तिसऱ्या पानावर लिहिलेत, तो रकाना मात्र ते आधीच भरून देतात.