तुम्ही विचारलंत म्हणून: रेडिएशनचा कचरा शेवटी जातो कुठे?

"मॅडम, हा रेडिएशनचा कचरा तुम्ही शेवटी टाकता कुठे?" पेशंटचे नातेवाईक लिफ्टमध्ये विचारतात, सोसायटीतल्या बायका विचारतात, गेल्या दिवाळीत सांगलीच्या आत्यांनी चकल्या वाढता वाढता विचारलं. मी एका हॉस्पिटलच्या न्यूक्लिअर मेडिसिन विभागात (जिथे किरणोत्सारी औषधं देऊन तपासण्या आणि उपचार करतात) रेडिएशन सेफ्टी ऑफिसर आहे, म्हणजे आरएसओ, आणि विचारणाऱ्याच्या डोळ्यांत नेहमी एकच चित्र असतं, रात्री एक गाडी येते आणि काहीतरी पिंप कुठल्यातरी नदीकाठी पुरून जाते. तसं काही नसतं. घाईघाईत नीट सांगता येत नाही म्हणून आज सविस्तर लिहितेय.

आम्ही टाकत नाही, ठेवतो. त्यातलं रेडिएशन मरेपर्यंत ठेवतो.

बेसमेंटला आमची एक खोली आहे, दाराला कुलूप, दारावर तीन पात्यांचं ते पिवळं चिन्ह, आत शिशाचं अस्तर असलेले डबे आणि भिंतीला टेकून एक जाड रजिस्टर. सकाळी हॉट लॅबमध्ये, म्हणजे किरणोत्सारी औषधं तयार करायच्या खोलीत, टेक्निशियन जनरेटर नावाच्या छोट्या उपकरणातून टेक्नेशियम-99एम हे किरणोत्सारी द्रव्य काढतात (आमच्यात त्याला दूध काढणं म्हणतात, कारण रोज सकाळी काढायचं आणि दुसऱ्या दिवशी परत भरलेलं असतं), त्याची इंजेक्शनं तयार होतात, हाडांचे हृदयाचे स्कॅन होतात, आणि दिवसभरात सिरिंजा, ग्लोव्ह्ज, कापसाचे बोळे, ड्रिपच्या नळ्या असं सगळं साठत जातं. आता टेक्नेशियमचं हाफ लाईफ 6 तास. म्हणजे दर 6 तासांनी त्याचा जोर निम्मा. दहा वेळा निम्मं केलं की हजारातला एक भाग उरतो, म्हणजे 60 तास, म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी बांधलेली पिशवी सोमवारी सकाळी बहुतेक शांत झालेली असते. पेट स्कॅनच्या फ्लोरीन-18 चं तर 110 मिनिटांचंच काम, दुसऱ्या दिवशी खेळ खलास. आयोडीन-131 चं 8 दिवस, त्यामुळे त्याला 80 दिवस धरायचे.

पण हे गणित वहीतलं झालं. शेवटचा शब्द मीटरचा. पिशवी बाहेर, रेडिएशन नसलेल्या जागी आणायची, मीटर जवळ धरायचा, आणि नुसत्या हवेत जेवढं रीडिंग येतं तेवढंच पिशवीजवळ आलं तर आणि तरच ती सुटली. मग तिच्यावरचं चिन्ह फाडायचं किंवा पूर्ण खोडायचं, नाहीतर बाहेर कोणीतरी बघून घाबरतं, आणि ती नेहमीच्या बायोमेडिकल कचऱ्यात जाते. हे का सांगतेय, तर ल्युटेशियम-177 म्हणून एक औषध आहे, न्यूरोएन्डोक्राइन ट्यूमरला, प्रोस्टेट कॅन्सरला देतात, त्याचं हाफ लाईफ साडेसहा दिवसांच्या जरा वर, हिशोबाने अडीच महिन्यांत पिशवी मेली पाहिजे, आणि आपण मीटर लावतो तर टिकटिक चालूच. कारण काही पद्धतींनी ते बनवताना त्यात ल्युटेशियम-177एम नावाचा त्याचा भाऊबंद अगदी किंचित येतो आणि त्याचं हाफ लाईफ 160 दिवस. ज्याने नुसतं कॅलेंडर बघून पिशवी सोडली तो फसला. ती परत डब्यात, रजिस्टरला लाल पेनने नोंद, पुढच्या वर्षी बघू.

आयोडीनचा वॉर्ड ही मात्र वेगळीच गोष्ट आहे आणि खरं काम तिथे आहे. थायरॉइडच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं की उरलेल्या पेशी मारायला पेशंटला आयोडीनचा मोठा डोस पाजतात, आणि डोस 30 मिलिक्युरीच्या (हे किरणोत्साराचं माप) वर गेला की त्या माणसाला दोन-तीन दिवस स्वतंत्र खोलीत ठेवावं लागतं, कारण तोपर्यंत तो माणूस स्वतःच सोर्स, म्हणजे रेडिएशनचा उगम, असतो. दिलेलं बरंचसं आयोडीन पहिल्या दोन दिवसांत लघवीवाटे बाहेर पडतं. त्यामुळे त्या खोलीचा संडास गावाच्या गटाराला थेट जोडलेला नसतो, तो जातो आमच्या डिले टँकला. दोन टाक्या. एक भरत असते तेव्हा दुसरी बंद करून नुसती ठेवलेली असते, तिच्यातलं पाणी दिवस मोजत बसलेलं असतं, मग सॅम्पल काढायचं, मोजायचं, मर्यादेच्या खाली असेल तरच व्हॉल्व्ह उघडायचा. पेशंटला मी स्वतः सांगते, बादल्यांनी पाणी ओतू नका, टाकी वेळेआधी भरली तर पुढच्या पेशंटची तारीख पुढे जाते. आणि पुढचा पेशंट म्हणजे कोणाची तरी आई असते हो, बीडहून नाहीतर लातूरहून बॅग भरून आलेली.

आयोडीन लाळेतही येतं, घामातही येतं. त्यामुळे त्या खोलीत जे उष्टं राहतं तो सुद्धा किरणोत्सारी कचरा. नातेवाईक प्रेमाने डब्यात मटण देतात, आंबा देतात, आणि मला नाही म्हणावं लागतं. चोखलेलं हाड आणि आंब्याची कोय 80 दिवस सांभाळून ठेवायची म्हणजे काय ते एका उन्हाळ्यात आम्ही बघितलंय, तेव्हापासून त्यासाठी वेगळा फ्रीझरच घेतला. तरीही सांगते, बिनकोयीचं, बिनहाडाचं, ताटात उरणार नाही एवढंच द्या.

एक चूक सांगते, मी आधी ज्या ठिकाणी नोकरीला होते तिथली. वॉर्डातल्या एका आजोबांच्या डायपरची पिशवी. ज्याने बांधली त्याने तारीख लिहिली नाही आणि कुठला आयसोटोप, म्हणजे आत कुठलं किरणोत्सारी द्रव्य, तेही लिहिलं नाही, शिफ्ट बदलली, दुसऱ्याने ती सगळ्या पिशव्यांबरोबर ठेवून दिली. महिनाभराने मी गेले तर अशा बिननावाच्या तीन पिशव्या. मीटर एवढंच सांगतो की आत काहीतरी आहे, कुठल्या दिवशीचं ते सांगत नाही. मग तिन्ही नव्या समजून त्या दिवसापासून 80 दिवस. कोणाला काही इजा झाली नाही, पण खोली भरली, नवीन पिशव्यांना जागा नाही, आणि मला त्या रात्री झोप आली नाही, कारण माझ्या लक्षात आलं की मी पहिल्यांदाच असं काहीतरी हातात धरलंय ज्याचा मला इतिहास माहीत नाही. तेव्हापासून आमच्या मावश्यांना (वॉर्डातल्या सफाईच्या) पहिली गोष्ट मी ग्लोव्ह्जच्याही आधी पेन देते.

कारण असल्या विसरलेल्या वस्तूंनी आजवर जीव गेलेत. 2010 च्या एप्रिलमध्ये दिल्लीला मायापुरीच्या भंगार बाजारात काय झालं ते आठवतंय का? दिल्ली विद्यापीठाच्या केमिस्ट्रीच्या विभागात एक जुनं गॅमा यंत्र होतं, आत कोबाल्ट-60, 1985 पासून ते कोणी वापरलंच नव्हतं. वापरणारे गेले, माहिती असणारे गेले, आणि फेब्रुवारी 2010 मध्ये ते लिलावात भंगार म्हणून विकलं गेलं. भंगारवाल्यांनी ते हातांनी तोडलं. एकाने त्यातला तुकडा पाकिटात ठेवला, पाकीट पँटच्या खिशात. माणसं भाजली, केस गेले, एकाचा मृत्यू झाला. त्या बिचाऱ्यांना चिन्ह कळायला पाहिजे होतं असं कोणी म्हटलं की मला राग येतो. ज्यांच्या ताब्यात होतं त्यांच्या कागदावर ते जिवंत असायला हवं होतं.

आणि 1987 चं ब्राझीलमधलं गोयानिया. एक क्लिनिक दुसरीकडे हललं, कॅन्सरच्या उपचाराचं यंत्र पडक्या इमारतीत मागे राहिलं, दोघांनी धातू विकायला म्हणून ते काढून नेलं. आत सीझियम क्लोराइडची पावडर, शंभर ग्रॅमही नाही. अंधारात निळी चमकायची म्हणून लोकांनी ती घरोघर वाटली, अंगाला लावली, एका सहा वर्षांच्या मुलीने तेच हात घेऊन खाल्लं. चार जण गेले, ती मुलगी त्यातलीच. एक लाख बारा हजारांवर माणसं स्टेडियममध्ये रांगेत उभी करून तपासावी लागली, घरं पाडावी लागली, माती खरवडावी लागली, आणि त्या शंभर ग्रॅमपायी साडेतीन हजार घनमीटर कचरा झाला. मी नव्या स्टाफला हे दर वर्षी सांगते आणि दर वर्षी त्या मुलीपाशी माझा आवाज अडखळतो.

म्हणून तुमच्या ओळखीत कोणी जुन्या कॉलेजच्या लॅबमध्ये, बंद पडलेल्या फॅक्टरीत, जुन्या हॉस्पिटलमध्ये असेल आणि कोपऱ्यात कोणालाच माहीत नसलेलं जड काहीतरी पडलेलं असेल, तर लिलावाआधी ते काय आहे ते शोधा, मुंबईला अणुशक्तीनगरला एईआरबी म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळ आहे, त्यांना कळवा. सोर्स रीतसर परत करायची सोय आहे. कोबाल्टचं हाफ लाईफ सव्वापाच वर्षं, ते काही आमच्या बेसमेंटमध्ये ठेवून मरण्यातलं नाही.

इथपर्यंत सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, मग तारापूरच्या अणुभट्टीच्या कचऱ्याचं काय? ते माझं रोजचं काम नाही, पण माझं ट्रेनिंग त्याच लोकांकडे झालंय म्हणून जेवढं पक्कं माहितीय तेवढं सांगते. आपल्याकडे अणुभट्टीतलं वापरलेलं इंधन तसंच्या तसं कचरा धरत नाहीत, त्यातून युरेनियम आणि प्लुटोनियम काढून घेतात, आणि मागे जे जहाल द्रावण उरतं ते काचेच्या मिश्रणात घालून सुमारे हजार डिग्रीला वितळवतात आणि स्टीलच्या डब्यात ओततात. कचरा काचेवर थर म्हणून बसत नाही, काचेच्या अंगातच मुरतो, जसा बांगडीचा रंग बांगडीच्या आत असतो, धुऊन जात नाही. तुर्भे (म्हणजे मुंबईतलं ट्रॉम्बे), तारापूर, तमिळनाडूतलं कल्पाक्कम तिन्हीकडे हे होतं. मग ते डबे, अजून गरम असतात, हवेवर थंड होत वर्षानुवर्षं देखरेखीत ठेवतात.

यातली मला मनापासून आवडणारी गोष्ट म्हणजे, तुर्भ्याला त्याच कचऱ्यातून सीझियम-137 वेगळं काढतात आणि त्याच्या काचेच्या कांड्या बनवून ब्लड बँकांच्या इरॅडिएटरमध्ये वापरतात. काही पेशंटची प्रतिकारशक्ती एवढी खालावलेली असते की दुसऱ्याचं रक्त चढवलं तर त्यातल्या पांढऱ्या पेशीच पेशंटवर हल्ला करतात, म्हणून रक्ताला आधी रेडिएशन द्यावं लागतं. गोयानियाचं सीझियम तेच, फक्त तिथे पाण्यात विरघळणारी पावडर होती आणि इथे काच आहे, फुटली तरी उडत नाही, विरघळत नाही. तसंच डोळ्याच्या कॅन्सरसाठी रुथेनियम-106 ची छोटी चकती, तीही त्याच कचऱ्यातून काढलेली.

पण म्हणून सगळं सुटलंय असं मी म्हणणार नाही. सीझियमला 30 वर्षांचं हाफ लाईफ, म्हणजे 300 वर्षं सांभाळा. प्लुटोनियम-239 ला 24 हजार वर्षं, त्याला दहाने गुणा. काढून घेतलं तरी थोडं मागे राहतंच, आणि बाकीचेही काही दीर्घायुषी असतात. फिनलंडने ओन्कालो नावाची जागा खडकात चारशे मीटरच्या खाली खोदलीय, वापरलेलं इंधन तांब्याच्या जाड नळकांड्यात, भोवती पाणी लागलं की फुगणारी बेंटोनाइट माती, आणि मग बोगदा कायमचा बुजवायचा. आपल्याकडे कायमची अशी खोल जागा अजून नाही. त्यावर लोक काळजी करतात ती बरोबरच करतात, मी त्यांना घाबरट म्हणत नाही. मला फक्त एवढं कळतं की 80 दिवसांचं रजिस्टर नीट ठेवायला किती जीव काढावा लागतो, आणि इतक्या हजार वर्षांचं रजिस्टर कोणी ठेवू शकत नाही, म्हणून ते काम खडकावर आणि काचेवरच सोपवायला लागणार.

एका आजींचं सांगायचं राहिलं. त्या फलटणकडच्या, माळकरी. आयोडीन द्यायच्या आधी आम्ही दागिने, घड्याळ सगळं बाहेर काढायला लावतो, पण तुळशीची माळ काढायला आजी तयार नाहीत. माळ गळ्यातून निघत नसते बाई, म्हणाल्या, ही आमच्या मालकांबरोबर आळंदीला घातलीय. मी जोर केला नाही. तीन दिवसांनी डिस्चार्जच्या वेळी सुनेने नवी माळ आणली होती, ती आधी घातली आणि मगच जुनी उतरवली, टेबलावर ठेवून मीटर लावला तर घामाने मण्यामण्यात आयोडीन मुरलेलं, काटा चांगलाच वर. आजी त्या मीटरच्या आवाजाकडे बघत राहिल्या. मी म्हटलं, आजी, ही फेकणार नाही, पण आत्ता देताही येणार नाही. छोट्या पिशवीत घातली, नंबर टाकला, तारीख टाकली, आयसोटोप लिहिला, रजिस्टरमध्ये त्यांच्यासमोर नोंद केली, आणि त्यांनी विचारलं पालखीच्या आधी मिळेल का. मार्च चालू होता. मोजलं तर जूनच्या पहिल्या आठवड्यात 80 दिवस भरत होते.

आजी जूनमध्ये तपासणीला आल्या तेव्हा ओपीडीच्या आधी माझ्याकडे आल्या. मी पिशवी बाहेर आणली, त्यांच्यासमोर मीटर लावला, आधी हवेत, मग माळेजवळ, दोन्हीकडे आकडा सारखा. चिन्ह खोडलं, रजिस्टरला सही केली, आणि पुढच्या रकान्यात, जिथे आम्ही एरवी बायोमेडिकल लिहितो, तिथे लिहिलं, पेशंटला परत दिली.